फॉल-पिकोच्या पाटीखाली बायोडाटा

नोकरीचा बायोडाटा करून देणारं हे दुकान सापडेपर्यंत मी त्याच्यासमोरून तीनदा गेले. जळगावात गणेश कॉलनीच्या रस्त्याला एका मेडिकलच्या शेजारून लोखंडी जिना वर जातो. जिन्यावर पाटी आहे ‘फॉल-पिको करून मिळेल’. शेवटी मेडिकलवाल्या भाऊंनाच विचारलं, तर ते म्हणाले, “बायोडाटावाल्या मॅडम ना? तिथेच वर. पाटी जुन्या भाडेकरूची आहे.” मॅडम तिथे दोन वर्षांपासून बसतात, पाटी अजून बदललेली नाही. दुसऱ्यांचे कागद नीटनेटके करून देणाऱ्या बाईला स्वतःची पाटी बदलायला सवड नाही, याचं मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं.

दर आधी सांगते, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न तोच असतो. अनुभव असलेल्यांना ६०० रुपये, कॉलेज किंवा आयटीआयच्या पोरांना २५०. दोनदा दुरुस्ती फुकट. पहिल्या बैठकीला दीड तास लागतो. ‘दहा मिनिटांत काढून द्या’ म्हणणाऱ्यांनी जिना चढू नये.

माझं सांगायचं तर, मी एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये १४ वर्षं हिशेबाला होते. शेठ गेले, पोरांना धंद्यात रस नव्हता, मशिनरी विकली. मी ४१ वर्षांची, मिस्टर एसटीत, मुलगा बारावीला. घरी वर्षभर बसले. मग नोकरी शोधायला निघाले तेव्हा कळलं की माझ्याकडे बायोडाटाच नाही. मिलमध्ये लागले तेव्हा कोणी मागितलाच नव्हता. एका सीएंच्या ऑफिसात आधी दोन वर्षं काम केलं होतं, त्यांनी शेठला फोन केला आणि मी सोमवारपासून जायला लागले.

या मॅडमकडे जाण्याआधी मी १२० रुपये आणि दोन महिने दुसरीकडे घालवलेत, तेही सांगायला हवं. एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात गेले. नाव सांगत नाही, अशी दुकानं दर चौकात आहेत. पोऱ्याला म्हटलं बायोडाटा करायचा. त्यानं विचारलं, “स्थळासाठी की नोकरीसाठी?” आपल्याकडे बायोडाटा म्हटलं की आधी लग्नच आठवतं, त्यात त्याची चूक नाही. पण त्यानं नोकरीचा म्हणून जो काढला, तो लग्नाच्याच फाईलमध्ये खाडाखोड करून काढलेला. वरचं ‘श्री गणेशाय नमः’ तसंच राहिलं. रास आणि नाडी उडवली, पण उंची राहिली. पाच फूट एक इंच. हिशेबनिसाच्या उंचीचं कोणाला काय करायचंय? छंदांत क्रिकेट आणि पोहणे. मी गिरणा धरणाच्या पाण्यात पाय सुद्धा घातलेला नाही. खाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र आणि त्यावर ठिकाण धुळे! आधीच्या गिऱ्हाइकाचं ठिकाण माझ्या खऱ्या माहितीवर. मी तो कागद नीट न वाचता १७ ठिकाणी दिला. एकही फोन आला नाही.

एका पतसंस्थेला मराठीतून हवा होता. तोही त्याच दुकानात टाईप करून घेतला. प्रिंट सुंदर आली, पण फाईल ईमेलनं पाठवली तर समोरच्यांना नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसला. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलं आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की असंच होतं. युनिकोडमध्ये केलेलं कुठेही मराठीच दिसतं. हे मला नंतर मॅडमनी सांगितलं. तोवर पतसंस्थेची जागा भरली होती.

मग मुलगा म्हणाला, मम्मी, मी एआयवर करून देतो. दोन मिनिटांत करून दिलाही. वाचला तर मी कोणी मोठ्या कंपनीची डायरेक्टर वाटत होते. ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट-ओरिएंटेड’, आणि कुठेतरी लिहिलेलं की मी खर्चात ३० टक्के बचत केली. कसली बचत, कुठून आणले ३० टक्के? मुलगा म्हणाला, असं लिहावं लागतं. मी तो पाठवला नाही. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईनं पहिल्याच कागदावर खोटा आकडा टाकायचा, हे मला पटलं नाही. पोराची मेहनत वाया गेली असंही नाही, त्यातला इंग्रजी मजकूर व्याकरणाला बरा होता.

तर या सगळ्यानंतर मी लोखंडी जिना चढले.

खोली छोटी. एक टेबल, लॅपटॉप, कूलर, भिंतीला शिवणयंत्राच्या तेलाचे जुने डाग. मॅडमनी पुण्याला चाकणच्या बाजूला एका कारखान्यात माणसं भरतीचं काम आठ वर्षं केलंय. सासऱ्यांच्या आजारपणामुळे इकडे परत आल्या. म्हणजे पलीकडच्या खुर्चीवर बसून हजारो बायोडाटे बाजूला टाकलेली बाई. मला त्यांचा हाच गुण महत्त्वाचा वाटला. कागद टाकून देणाऱ्याला तो का टाकला हे बरोबर माहीत असतं.

त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि वही काढली. पहिला प्रश्न, “सकाळी मिलमध्ये गेल्यावर पहिलं काय करायच्या?”

मी म्हटलं, “अकाऊंट्स बघायचे.”

“बघायचे म्हणजे? टीव्ही बघतो तसे?”

मला राग आला. मग मी सांगायला लागले. आदल्या दिवशीच्या गाड्यांच्या काटापावत्या जुळवायच्या. तुरीची आवक, बारदानाचं वजन वजा, हमाली-तोलाई वेगळी, अडत्याचं बिल वेगळं. मग डाळ किती निघाली, ते गोडाऊनच्या रजिस्टरला लावायचं. शंभर किलो तुरीमागे सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ आली पाहिजे, बाकी चुणी, तुकडा, भुसा. आकडा त्याच्या खाली घसरला की मी शेठकडे जायचे. एकदा सलग तीन दिवस ६७-६८ आली, तेव्हा काट्यातच दोष निघाला होता. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. “हे तुमच्या बायोडाटात कुठंय?” कुठेच नव्हतं. तिथे लिहिलं होतं ‘टॅली, एक्सेल, एमएस-सीआयटी’.

बोलताना माझ्या तोंडून एक-दोन शब्द अहिराणी निघाले असावेत. त्यांचं माहेर शिरपूरकडचं, माझं अमळनेर. त्या एकदम म्हणाल्या, “ताई, आते खरं सांग, तुले काय काय येस?” तिथून पुढचा तास आम्ही दोघी निम्मं अहिराणीतच बोललो. माझा अनुभव असा की प्रमाण मराठीत मी स्वतःबद्दल दोनच वाक्यं बोलू शकते, आणि इंग्रजीत एकच. अहिराणीत सगळं बाहेर आलं.

जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, तेव्हा मिलचं सगळं खातं मी एकटीनं त्यात नेलं. सीए फक्त फाईल तपासायचे. मग १८ जुलै २०२२ ला २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के कर आला. आमची मिल ३० किलोचे कट्टेही भरायची आणि एक किलोची पाकिटंही. म्हणजे एकाच तुरीची डाळ, कट्ट्यात गेली तर कर नाही, पाकिटात गेली तर कर. दोघांचे बिलबुक वेगळे केले, स्टॉक वेगळा केला, दोन्हींच्या सामाईक खर्चावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे मिळणारी वजावट, दोघांत वाटून करमुक्त डाळीच्या वाट्याचं जीएसटीच्या रूल ४२ प्रमाणे उलटवायचं, म्हणजे सोडून द्यायचं. हे मी दर महिन्याला करत होते आणि मला ते ‘काम’ वाटतच नव्हतं. रोजची पोळी-भाजी जशी कोणी सांगत नाही, तसं.

मॅडमनी त्याच्या दोन ओळी केल्या. इंग्रजीत आहेत, मी इथे मराठीत सांगते: करमुक्त आणि करपात्र डाळीचे हिशेब, बिलं व साठा वेगळा करण्याची पद्धत बसवली, २०२२ पासून मिल बंद होईपर्यंत दरमहा क्रेडिटची विभागणी केली. पुढे पाइपच्या कारखान्यात मुलाखतीला गेले, तर त्या साहेबांनी पहिला प्रश्न यावरच विचारला.

आकड्यांबद्दल त्या फार कडक आहेत. मी म्हटलं, ३८ कामगारांचं पीएफ आणि ईएसआयसी मी बघायचे, चलन १५ तारखेच्या पुढे एकदाही गेलं नाही. त्या म्हणाल्या, “एकदाही?” मी विचार केला. लॉकडाऊनमध्ये गेलं होतं. “मग ‘एकदाही’ काढा.” त्या ओळीत आता फक्त कामगारांची संख्या आणि वर्षं आहेत. उधारीचंही तसंच. एका वर्षी पार्ट्यांकडे ६१ लाख अडकले होते, मार्चअखेर ते २३ वर आणले. त्यांनी विचारलं, तुम्ही एकट्यांनी? म्हटलं, फोन मी करायचे, पण वसुलीला शेठचा पुतण्या जायचा. मग ओळीत ‘वसुलीचा पाठपुरावा’ आला, ‘वसुली केली’ नाही. मुलाच्या एआयनं हे विचारलं नसतं. किंवा विचारलं असतं, पण पोरानं उत्तर द्यायच्या आधीच बटण दाबलं.

आता काय काय काढलं ते. उंची गेली हे सांगायला नकोच. नवऱ्याचं नाव, जात, धर्म, विवाहित-अविवाहित, रक्तगट, सगळं गेलं. प्रतिज्ञापत्र गेलं. फोटो गेला, त्याचं मला वाईट वाटलं, कारण मी खास काढून घेतला होता. दहावीचे टक्के गेले. वर जे ‘चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करण्याची इच्छा’ असतं ते गेलं, त्याजागी तीन ओळी आल्या: किती वर्षं, कोणत्या धंद्यात, काय काय स्वतः हाताळते. एमएस-सीआयटी ठेवलं, पण शेवटी. मराठी ३० आणि इंग्रजी ४० टायपिंग ठेवलं, कारण इथल्या छोट्या कारखान्यांत हिशेबनिसालाच पत्रंही टाईप करावी लागतात.

एका गोष्टीवर आमचा वाद झाला. मी बीकॉम २००५ ची. माझ्या सर्टिफिकेटवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आहे. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं. मी म्हटलं, जुनंच लिहा, कागदावर तेच आहे. त्या म्हणाल्या, बाहेरगावचा माणूस इंटरनेटवर शोधेल तर त्याला नवीन नाव दिसेल, तुमच्या सर्टिफिकेटवर जुनं, त्याला शंका येईल. शेवटी ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ (तेव्हाचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ)’ असं लिहिलं. एका पानाच्या कागदावर हीच सगळ्यात लांब ओळ आहे. आपल्या भागातल्या, २०१८ च्या आधी पास झालेल्या कोणालाही हे लागू पडेल.

मिल बंद झाल्यानंतरचे १४ महिने लपवायचे का, असं मी हळूच विचारलं. त्यांनी सरळ लिहिलं, मिल बंद झाली, अमुक महिना. गाळलेली वर्षं माणसाच्या नजरेत लगेच येतात, म्हणाल्या, आणि मग तो मनात काहीतरी वाईटच भरतो.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते नोटपॅडचं. मोठ्या कंपन्या आणि नोकरीच्या वेबसाईट बायोडाटा आधी सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात, ते त्यातलं नाव, अनुभव, शिक्षण वेगळं काढून ठेवतं. माणूस नंतर येतो. मॅडमनी माझ्या आधीच्या दुकानातली पीडीएफ उघडली, सगळा मजकूर निवडला, कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये टाकला. दोन रकान्यांचा रंगीत बायोडाटा होता तो. नोटपॅडमध्ये आलं: ‘टॅली जळगाव बीकॉम मराठी, हिंदी २०१० मोबाईल’. रकाने आडवे वाचले गेले होते. माझा फोन नंबर वर हेडरमध्ये होता, तो आलाच नाही. पुढच्या गिऱ्हाइकाची पीडीएफ तर मोबाईलनं फोटो काढून बनवलेली, तिच्यातून एकही अक्षर निवडता येईना. आता माझा बायोडाटा एका रकान्याचा, साधा, काळा-पांढरा आहे. दिसायला शाळेच्या नोटिशीसारखा. पण नोटपॅडमध्ये टाकला की ओळीनं येतो. ही परीक्षा घरी बसून कोणालाही घेता येते, त्याचे ६०० रुपये लागत नाहीत.

त्याच बैठकीत त्यांनी जाहिरातीतले शब्द बघायला शिकवलं. मी ‘बँक जुळवणी’ म्हणते, जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ असतं. काम तेच, मग शब्द त्यांचा घ्यायचा. पण जे केलंच नाही त्याचा शब्द घ्यायचा नाही. ईमेलही नवीन काढायला लावला. माझा होता तो मुलानं त्याच्या गेमच्या नावानं काढलेला. फाईलचं नाव ‘न्यू फायनल २’ होतं, ते माझं नाव आणि ‘अकाऊंट्स’ असं केलं.

आता तक्रारी, कारण पाचपैकी एक तारा कापलाय तो उगाच नाही.

मॅडम स्वतः खोटं लिहू देत नाहीत हे खरं, पण एका ठिकाणी त्यांचा हात सैल सुटला. मी बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचे, कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी. त्यांनी त्याचं ‘वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट’ करून टाकलं. मी वाचलं, भारी वाटलं, गप्प बसले. पाइपच्या कारखान्यातल्या साहेबांनी विचारलं, तुमची वर्किंग कॅपिटल सायकल किती दिवसांची होती? मी अशी गप्प झाले की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्यांनी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या कर्जातून किती उचलता येतं, ती कशी काढतात विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. माल अधिक येणं, वजा देणं, त्यातून बँकेचं मार्जिन कापायचं, दर महिन्याला तेच करत होते. ती ओळ मी परत जाऊन बदलून घेतली, आता साधं ‘बँकेला मासिक स्टॉक स्टेटमेंट’ आहे. त्यांनी चूक मान्य केली, पण ती दोन फुकट दुरुस्त्यांपैकी एक धरली. ते मला बरोबर वाटलं नाही.

दुसरं, फक्त पीडीएफ देतात. वर्डची फाईल पाहिजे तर १०० रुपये वेगळे. का? आपलाच कागद, उद्या मोबाईल नंबर बदलला तर परत त्यांच्याकडे जायचं का? मी भांडून घेतली. तुम्हीही सुरुवातीलाच बोलून घ्या.

तिसरं, वीज गेली की काम बंद. इन्व्हर्टर नाही. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत, पत्र्याखाली, कूलर बंद, आणि तुम्ही २०१३ साली काय काम केलं ते आठवत बसायचं. गाडी लावायला जागा नाही. जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी फोन करा, त्या खाली मेडिकलमध्ये येऊन बसतात.

निकाल विचाराल तर, नवीन बायोडाटा ११ ठिकाणी पाठवला, चार फोन आले, दोन मुलाखती झाल्या. पाइपवाल्यांनी घेतलं नाही. चटईच्या कारखान्यात लागले, दिवाळीनंतर. पगार मिलपेक्षा अडीच हजार जास्त. तिथल्या मालकांनी बायोडाटा पुढ्यात ठेवून ३८ कामगारांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, आमचे ५२ आहेत, जमेल का?

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन गेले होते. फिटरचा आयटीआय, पारोळ्याचा. त्याचं म्हणणं, मला अनुभवच नाही, काय लिहिणार? मॅडमनी त्याच्याकडून अर्ध्या तासात पावणेदोन पानं काढली आणि मग एकावर आणली. आयटीआयत कोणती लेथ वापरली, मायक्रोमीटर वाचता येतो का, उन्हाळ्यात काकांच्या शेतावर ठिबकचा फिल्टर आणि मोटर कोण दुरुस्त करायचं. हे शेवटचं त्यानं लाजत सांगितलं. तेच वर गेलं. सरकारी किंवा रेल्वेच्या अप्रेंटिससाठी मात्र त्यांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या, तिथे त्यांचाच अर्ज त्यांच्याच साईटवर भरायचा असतो, माझ्या कागदाचा उपयोग नाही. परत पाठवणारा दुकानदार मी फार बघितलेला नाही.

पाचपैकी चार. जाताना जुन्या पगाराच्या स्लिपा, रिटर्नच्या कॉप्या, जे असेल ते घेऊन जा, तारखा तोंडपाठ नसतात. सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, मंगळवारी बंद. आणि फॉल-पिकोसाठी कोणी वर चढू नका, त्या मावशी आता मागच्या गल्लीत बसतात, निळ्या शटरच्या शेजारी.